नव्याशी भांडायचे तर जुने हाताशी हवे

धान कापून झाले, चुरणे आटोपले, मंडईचे दिवस आले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत नाटकांचे फलक लागतात. फलकांपाठोपाठ एक वादही ठरलेला असतो. रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी परतलेली माणसे दुपारी चहाच्या टपरीवर पुन्हा जमतात आणि यंदाचे नाटक सरस की आधीची, यावर तावातावाने बोलतात. एक म्हणतो, पूर्वी नाटकात गोष्ट होती, आता नाचगाण्याचाच भरणा आहे. दुसरा म्हणतो, ती जुनी नाटके आज लावली तर अर्धा मंडप मध्यरात्रीच रिकामा होईल. तेवढ्यात एखादे म्हातारे गृहस्थ इथल्या जुन्या लोकप्रकाराचे, दंडारीचे नाव काढून दोघांनाही गप्प करतात : तुम्ही खरी दंडार पाहिली कुठे?

असाच वाद जगाच्या दुसऱ्या टोकाला साठ वर्षे चालू आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. तीन हंगाम आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये ती बंद पडली. पुढे तिच्या पोटातून एकामागून एक मालिका निघाल्या आणि प्रत्येक नवी मालिका आली की चाहत्यांमध्ये तोच प्रश्न उभा राहिला : ही आपलीच आहे का?

अशा वादांकडे आपण रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून पाहतो. मला ते मान्य नाही. एखादी कला लोकांनी आपली मानली आहे की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. तिच्यासाठी लोक भांडतात का, यावरून कळते. मात्र हे भांडण न्यायाचे व्हायचे तर एक अट आहे. ज्या जुन्याचे नाव घेऊन नव्याला जोखायचे, ते जुने सर्वांना पाहता यायला हवे. ते नसेल तर वादात ज्याचे वय जास्त किंवा आवाज मोठा, तो जिंकतो. आपल्या भागातल्या रंगभूमीचे नेमके हेच झाले आहे, आणि हे बदलता येण्यासारखे आहे.

आधी परक्या मुलखातले उदाहरण घेऊ, कारण तिथे या वादाची कागदपत्रे शाबूत आहेत. ‘स्टार ट्रेक’चा दुसरा हंगाम चालू असताना मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम पदरात पाडून घेतला. पुढे १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली. जुन्या चाहत्यांना ती पचेना. नवा कप्तान टक्कल पडलेला, शांत, विचार करून बोलणारा. जुन्या कप्तान कर्कच्या धडाडीपुढे तो मवाळ वाटला. हा कप्तान साकारणारे पॅट्रिक स्टुअर्ट शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेले नट होते. मालिका सात हंगाम चालली, १७८ भाग झाले आणि ज्यांनी नाके मुरडली होती त्यांतल्या अनेकांनी पुढच्या मालिकांना जोखताना हीच मालिका मापदंड म्हणून पुढे केली. १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ आली तेव्हा तक्रार आणखी गंभीर होती. मूळ निर्माते जीन रॉडनबेरी १९९१ मध्ये वारले होते. माणूस आपसातले वैर, हाव, धर्मवेड मागे टाकून पुढे जाईल, हा त्यांच्या गोष्टींचा गाभा. नव्या मालिकेत तर युद्ध होते, धर्म होता, नायकाच्या हातून घडलेली लबाडीही होती. हा मूळ विचाराशी द्रोह आहे, असे एका बाजूचे म्हणणे. आदर्शाची खरी परीक्षा संकटातच होते, म्हणून ही मालिका मूळ विचाराची सर्वांत प्रामाणिक वारस आहे, असे दुसऱ्या बाजूचे.

या दोन्ही बाजू नुसती आवडनिवड सांगत नव्हत्या. गाभा कोणता आणि साज कोणता, हे त्या ठरवू पाहत होत्या. कुठल्याही परंपरेपुढे हा सर्वांत अवघड प्रश्न असतो, आणि तो प्रेक्षकांनी आपणहून हातात घेतला होता. समीक्षक याहून वेगळे काय करतो?

चाहत्यांची बारीक नजर कधीकधी गोष्टीलाच पुढे नेते. मूळ मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहावरच्या जमातीचे लोक जवळपास माणसांसारखेच दिसत, कारण तेव्हा रंगभूषेला पैसा नव्हता. १९७९ च्या चित्रपटापासून त्यांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. जाणत्या प्रेक्षकांनी विचारले, हे कपाळ बदलले कसे? निर्मात्यांनी वर्षानुवर्षे या प्रश्नाला बगल दिली. अखेर २००५ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्याच ‘एंटरप्राइज’ या मालिकेने आनुवंशिक प्रयोग फसल्याची कथा रचून त्याचे उत्तर दिले. प्रेक्षकांच्या एका शंकेतून कथानक जन्माला आले. जुने भाग समोर ठेवून दोन्हींतली कपाळे शेजारी-शेजारी पाहता आली, म्हणूनच हा प्रश्न विचारता आला.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दुसऱ्या अंतराळमालिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळ मालिका १९७८ ची. २००३ मध्ये ती नव्याने घडवताना स्टारबक या लाडक्या पुरुषपात्राची स्त्री केली गेली. जुने चाहते भडकले. मूळ भूमिका करणाऱ्या नटानेही जाहीर नाराजी व्यक्त केली. पण नव्या मालिकेने परकी सत्ता, आत्मघाती हल्ले, कैद्यांचा छळ हे त्या वर्षांत जगाला जाळणारे प्रश्न थेट अंगावर घेतले आणि ती स्वतःच्या बळावर उभी राहिली. जुन्याशी इमान राखणे म्हणजे जुन्याची नक्कल करणे नव्हे, हे तिने दाखवून दिले.

चाहत्यांच्या वादाला एक वाईट अंगही आहे आणि ते झाकून चालणार नाही. ‘स्टार ट्रेक’च्याच २०१७ मधल्या ‘डिस्कव्हरी’ मालिकेत कृष्णवर्णीय स्त्री केंद्रस्थानी आली तेव्हा परंपरेच्या नावाखाली काहींनी निव्वळ वर्णद्वेष ओकला. ‘आमची मालिका बिघडवली’ या वाक्याआड ‘तुम्ही इथे कशाला आलात’ हे वाक्य लपलेले होते. पण त्यांना उत्तर द्यायलाही जुनी मालिकाच कामी आली. १९६६ च्या पहिल्या हंगामातच यानाच्या मुख्य कक्षात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकारी म्हणून बसलेली होती. मूळ भाग सर्वांना पाहता येत होते, म्हणून परंपरेचा खोटा दाखला तिथल्या तिथे उघडा पाडता आला. परंपरा हाताशी असली की तिचे ठेकेदार दुबळे होतात.

आता उलट बाजू पाहा. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, पुनःप्रक्षेपणाची फारशी सोय नव्हती, म्हणून बीबीसीने तिचे कितीतरी जुने भाग पुसून टाकले. शंभराच्या आसपास भाग अशा रीतीने नाहीसे झाले. त्यांतला आवाज मात्र वाचला. कारण त्या काळी काही पोरे मालिका लागली की दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून घरच्यांना गप्प बसायला सांगत आणि पूर्ण भाग ध्वनिमुद्रित करत. अशा खासगी फितींमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात सापडलेले नऊ भाग लोकांपुढे आले. त्यांतल्या एका कथेला तोवर कोणी फारशी किंमत देत नव्हते. चित्र पाहता आले आणि मत बदलले. जुने परत मिळाले की त्याच्याबद्दलचा निकालही बदलू शकतो.

आपल्याकडे काय झाले? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागत असे. पुढे ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ या देशी विज्ञानमालिका आल्या, १९९७ मध्ये ‘शक्तिमान’, त्यापाठोपाठ ‘कॅप्टन व्योम’. बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या वसाहतीत, दुर्गापूर-घुग्घुसच्या कोळसा खाणींच्या क्वार्टरांत, औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत वाढलेल्या एका पिढीचे रविवार या मालिकांभोवती गेले. एका घरात संच आणि आजूबाजूच्या पाच घरांची पोरे त्याच्यापुढे, हे चित्र त्या काळी सर्रास होते. पण या मालिकांविषयी नीट बोलायला बसलो की हाती आठवणींखेरीज फारसे काही लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली तेव्हा आईबाप आणि मुले यांच्यात खरी चर्चा होऊ शकली. परदेशी महानायकांवर पोसलेल्या मुलांना तिची दृश्यकरामत कच्ची वाटली, आणि नायकाने प्रत्येक भागाअखेरीस मुलांशी बोलणे काहींना आवडले. आईबापांनाही कळले की आपण आठवत होतो त्यातले किती मालिकेत होते आणि किती आपल्या बालपणात. एका पुनःप्रक्षेपणाने हे साधले.

छापील मराठी विज्ञानकथेचे मात्र असे झाले नाही, कारण पुस्तक टिकते. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली १९६६ मध्ये, म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्याच वर्षी. तिच्या १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक होते जयंत नारळीकर. नावाच्या दबदब्याने निकाल झुकू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आली; बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी आपापल्या वाटा काढल्या. विज्ञानकथेत विज्ञान किती आणि कथा किती, संकल्पना जिंकते तेव्हा पात्रे का हरतात, यावर मराठीत आजही मुद्देसूद बोलता येते. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, पण त्यांच्या कथांशी भांडण चालू ठेवता येते. पुस्तक काढा, पान दाखवा. वाद सभ्य ठेवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

हे मनात ठेवून पुन्हा आपल्या भागाकडे, झाडीपट्टीकडे वळू. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या धानपट्ट्यातली ही रंगभूमी महाराष्ट्रात एकमेव म्हणावी अशी आहे. मोकळ्या बांदीत कनाती उभ्या राहतात, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. शंकरपट असो वा मंडई, नाटक असले की लेकी-जावयांना बोलावणे जाते, घरोघरी पाहुणे उतरतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचे ठाणे. मंडळ्यांची कार्यालये तिथे, तारखा तिथे ठरतात. गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचे या रंगभूमीकडे लक्ष गेले. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्या लेखकांनी गावाचे जिव्हाळ्याचे प्रश्न या मंचावर आणले. दंडार, खडी गंमत, डहाका, गोंधळ या जुन्या लोकप्रकारांच्या अंगणात ही रंगभूमी वाढली, असे जाणकार सांगतात.

म्हणजे इथे मूळ मालिका आहे, तिच्या पुढच्या पिढ्या आहेत आणि हक्काने भांडणारे चाहतेही आहेत. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचे दिवस गेले आणि नट्या आल्या, तेव्हा वाद झाला. पौराणिक-ऐतिहासिक नाटकांची जागा कौटुंबिक आणि सामाजिक नाटकांनी घेतली, तेव्हा झाला. नागपूर-मुंबईचे कलावंत आणणे, मध्येच लावणी घालणे, विनोदी जोडगोळीला अर्धा तास देणे, यावर तो आजही होतो. प्रश्न तेच आहेत : गाभा कोणता, साज कोणता? नव्याने जुन्याची नक्कल करावी की जुन्याचा हेतू पुढे न्यावा?

पण उत्तर शोधायला आपल्यापाशी साधन नाही. चाळीस वर्षांपूर्वी गाजलेले नाटक कसे होते, हे ठरवायचे कशावरून? या रंगभूमीवर प्रॉम्प्टर हा माणूस फार महत्त्वाचा. नटाला आज एक नाटक, उद्या दुसरे. सगळे शब्द पाठ असणे शक्य नसते. म्हणून प्रॉम्प्टर बाड समोर घेऊन बसतो आणि वाक्य पुरवतो. त्याच्या बाडात नाटकाचा खरा इतिहास असतो. कुठला प्रवेश प्रेक्षकांना जड गेला म्हणून कापला, कुठे नटाने घातलेली पदरची ओळ चालली म्हणून कायमची ठेवली, कुठे गाणे सरकवले, हे शाईच्या फुल्यांत आणि समासातल्या खुणांत उमटलेले असते. छापील संहिता लेखकाचे नाटक सांगते. बाड लेखक, नट आणि प्रेक्षक अशा तिघांनी मिळून केलेले नाटक सांगते. अशी बाडे माळ्यावर पडतात, पावसाळ्यात भिजतात, वाळवी लागते, आणि मंडळी बंद पडली की रद्दीत जातात. त्यांच्यासोबत चहाच्या टपरीवरच्या वादाचा पुरावाही जातो.

यावर एक आक्षेप ऐकू येतो आणि तो वजनदार आहे. नाटक ही जिवंत कला आहे. ती त्या रात्रीपुरतीच असते. चित्रीकरण करून कपाटात ठेवलेले नाटक म्हणजे नाटक नव्हे. शिवाय जुन्याचे ओझे नसल्यामुळेच झाडीपट्टीला दर हंगामात मोकळेपणाने नवे करता येते. यातले पहिले विधान खरे आहे, दुसरे नाही. चित्रीकरण नाटकाची जागा घेऊ शकत नाही, पण नोंद ठेवल्याने प्रयोग मरतो असेही नाही. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका राहिल्या म्हणून मराठी संगीत नाटकाचे नुकसान झाले नाही. पुढच्या गायकांना काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे कळले. आणि विसरल्याने मोकळीक मिळते हा तर भ्रमच आहे. विसरलेला माणूस जुन्याच वाटेने चालतो आणि तिला नवी समजतो. दर हंगामात तेच कथानक नव्या नावाने येते अशी प्रेक्षकांची तक्रार असते, तिचे मूळ मला इथेच दिसते. आधी काय झाले हे ठाऊक असेल तरच वेगळे काही करता येते.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे. निर्मात्याला भीती वाटते की प्रयोगाची चित्रफीत बाहेर पडली तर तिकीट कोण काढणार? भीती खरी आहे आणि लेखकाच्या हक्काचा मानही राखला पाहिजे. पण मोबाइलवर प्रवेश टिपून यूट्यूबवर चढवणे आताही चालूच आहे. त्यात ना लेखकाचे नाव, ना नटांची नोंद, ना सन. विनापरवाना विखुरलेल्या तुकड्यांपेक्षा काही वर्षे कुलपात राहील आणि मग अभ्यासाला खुली होईल अशी रीतसर नोंद निर्मात्याच्याही हिताची आहे.

आणि नोंद ठेवायची ती नुसत्या जुन्याच्या पूजेसाठी नाही. या मातीत कल्पनेला किती जागा आहे, ते पाहा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे सरकताना लोकांनी पाहिले आणि थोड्याच वेळात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. व्यास सुमारे तीन मीटर. पुढे परिसरात धातूचे गोळेही सापडले. कोणी विमान म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र, कोणी उल्का. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. अंतराळयुगाचा तुकडा झाडीपट्टी नाटकांच्या ऐन मुलखात येऊन पडला.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांचे अवशेष सापडतात. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये सिद्ध झाले की डायनासोरांच्या काळात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, गवत उगवले होते आणि ते प्राणी ते खात होते. मध्य भारतातल्या त्या काळच्या अवशेषांत भाताच्या कुळातल्या गवतांच्या खुणाही पुढे अभ्यासकांना दिसल्या. ज्या भागातले नाटक धानाच्या हंगामावर बेतलेले आहे, त्याच भागात धानाच्या पूर्वजांची गोष्ट दगडात दडलेली आहे. सिरोंच्याजवळ वडधमला अश्मयुगाच्याही कोट्यवधी वर्षे आधीच्या वृक्षांचे आणि प्राण्यांचे जीवाश्म आहेत. विज्ञानकथेला लागणारा काळाचा आणि अवकाशाचा पसारा इथे पायाखाली आणि डोक्यावर आहे.

यावर नाटक का होऊ नये? उद्या एखाद्या मंडळीने आकाशातून पडलेल्या कड्यावर चार अंकी नाटक काढले, तर टपरीवर वाद होईलच. हे आपले नाटक नव्हे, असे कोणी म्हणेल. तेव्हा त्याला उत्तर देता आले पाहिजे की दंडारीत कथेच्या मध्येच आजच्या घडामोडी शिरत, खडी गंमतीचा शाहीर ताज्या बातमीवर कवन रचत असे, आणि आकाशातून आलेला पाहुणा पौराणिक नाटकाला कधीच परका नव्हता. पुराव्याने असे बोलता आले तर नव्या कल्पनेला घरात जागा मिळेल. पुरावा नसेल तर तिला उपरी ठरवून हाकलणे सोपे जाईल. जुने जपण्याचा खरा लाभ नव्यालाच होतो.

म्हणून काही कामे ताबडतोब व्हायला हवीत, आणि त्यांना मोठा पैसा लागत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने प्रॉम्प्टरची बाडे, हस्तलिखित संहिता, हंगामाची पत्रके आणि छायाचित्रे गोळा करून त्यांच्या प्रती काढाव्यात; मूळ कागद मालकाला परत द्यावा. सत्तरी ओलांडलेले नट, वादक, नेपथ्यकार आणि प्रॉम्प्टर यांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. दर हंगामात निवडक प्रयोग लेखक-निर्मात्यांच्या संमतीने पूर्ण चित्रित व्हावेत आणि सोबत गाव, तारीख, पात्रयोजना लिहिली जावी. टपरीवर होणाऱ्या वादालाही त्यात स्थान द्यावे : नाटक संपल्यावर चार प्रेक्षकांचे म्हणणे टिपून ठेवावे, कारण पुढच्या पिढीला प्रयोगाइतकीच त्याच्यावरची प्रतिक्रियाही लागेल. आणि दूरदर्शनने आपल्या जुन्या विज्ञानमालिका संपूर्ण, क्रमाने, प्रसारणाच्या तारखांसह लोकांना खुल्या कराव्यात.

सगळेच जपता येणार नाही, हे खरे आहे. निवड करावी लागेल आणि निवडीवरही वाद होईल. तो व्हावा. कोणते नाटक ठेवण्याजोगे, या प्रश्नावर जो समाज भांडतो तो आपल्या कलेचे मोल जाणतो. दंडार पाहिलेल्या म्हाताऱ्याचा शब्द आपण आज त्याच्या वयाकडे पाहून मानतो. उद्याच्या पोराला तो पुराव्याने मान्य करता यावा किंवा पुराव्याने खोडता यावा, एवढे आपल्या हातात आहे. ते काम पुढच्या हंगामाची वाट न पाहता सुरू झाले पाहिजे, कारण दर पावसाळ्यात काही बाडे भिजून संपत आहेत.